बी-एच लूपचं क्षेत्रफळ खरं काढायचं तर

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बी-एच लूप बहुतेक सगळेच काढतात. चुंबकीय क्षेत्र (एच) पुढे-मागे बदललं की लोखंडातली चुंबकीय घनता (बी) त्याच्या मागे मागे राहते, त्यातून पडद्यावर उमटणारी ही बंद आकृती. सीआरओवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, आकृती आली की ती ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, आलेखाचे चौकोन मोजायचे आणि जर्नलवर सही घ्यायची. मला मात्र ते क्षेत्रफळ विश्वासाचं हवं होतं. एका घनमीटर लोखंडात दर आवर्तनाला किती ऊर्जा उष्णता होऊन जाते, ते त्यातूनच कळतं. रात्री गाव झोपलं तरी डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ही किंमत मोजतच असतो.

कोअर, म्हणजे वेढ्यांच्या आतला लोखंडी गाभा, घेतली भंगारातल्या सर्व्हो स्टॅबिलायझरची, गोल. ई आणि आय आकाराच्या पट्ट्यांच्या सांध्यांत हवेची बारीक फट राहते, त्यामुळे लूप आडवा कलतो आणि रिटेन्टिव्हिटी (क्षेत्र काढल्यावर उरणारं चुंबकत्व) कमी दिसते. गोल कोअरमध्ये ती भानगड नाही. छेद 4 चौरस सेंटिमीटर, सरासरी परीघ 25 सेंटिमीटर. प्रायमरी आणि सेकंडरी, दोन्हींचे शंभर-शंभर वेढे हातानेच दिले. प्रायमरीच्या सिरीजमध्ये एक ओहमचा रोध. त्याच्यावरचं व्होल्टेज सीआरओच्या एक्स अक्षाला, म्हणजे एच. सेकंडरीवर मिळतो बीच्या बदलाचा वेग, म्हणून तिथे आरसी इंटिग्रेटर (वेगावरून मूळ बी परत मिळवणारी रोध-कपॅसिटरची जोडी) लावून मग वाय अक्षाला.

खरी गंमत या इंटिग्रेटरमध्ये आहे. तयार किटमध्ये 10 किलोओहम आणि 1 मायक्रोफॅरड होते. त्यांवर लूप मोठा, ठळक दिसला, पण दोन्ही टोकांशी रेषा एकमेकींना ओलांडून छोटे फास करत होत्या. लोखंड असं वागत नाही. हिशेब केला: 50 हर्ट्झला ओमेगा-आरसी (2π, फ्रिक्वेन्सी, रोध आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार) जेमतेम 3.14, म्हणजे फेजमध्ये, लहरीच्या मागेपुढे सरकण्यात, सुमारे 18 अंशांची चूक. ट्रान्सफॉर्मरच्या सिलिकॉन स्टीलचा लूप मुळातच अरुंद. एवढ्या चुकीत तो पार गिळला जातो. रोध 100 किलोओहम केल्यावर चूक दोन अंशांच्या आत आली. सिग्नल दहापट घटला, 1 टेस्लाला फक्त 0.4 व्होल्ट, पण फास सुटले. सीआरओचे दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवरच हवेत. एसी कपलिंगही फेज बिघडवतं.

दर रीडिंगआधी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) वर नेऊन सावकाश शून्यावर आणायचा, म्हणजे लूप लहान लहान होत मध्यबिंदूत विरतो आणि कोअरमधलं जुनं चुंबकत्व निघून जातं. हे डोळ्यांनी बघायला मला आजही आवडतं.

1.5 टेस्लाला क्षेत्रफळ घनमीटरमागे दीडशे ज्यूलच्या आसपास आलं. 50 ने गुणून घनतेने भागलं की किलोमागे साधारण 1 वॅट. अशा स्टीलसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे, आणि तो पाहून फार समाधान वाटलं.

पण यातला सगळाच तोटा हिस्टेरेसिसचा, म्हणजे बी मागे राहण्यामुळे होणारा, नाही; एडी करंटही, म्हणजे लोखंडातच फिरणारे भोवऱ्यासारखे प्रवाहही, त्यात आहेत. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला तोक्योत भौतिकशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी लोखंडाचे लूप काढले तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता, कारण चुंबकन संथपणे, पायरीपायरीने बदललं जाई. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणून दुसरी वाट धरली. हिस्टेरेसिसचा दर आवर्तनाचा तोटा फ्रिक्वेन्सीवर जवळपास अवलंबून नसतो, एडी करंटचा मात्र तिच्याबरोबर वाढतो. ऑसिलेटर आणि अ‍ॅम्प्लिफायर लावून 50, 75 आणि 100 हर्ट्झला लूप काढले. दर वेळी व्होल्टेज त्याच प्रमाणात वाढवलं, म्हणजे कमाल बी 1.5 टेस्लाच राहिला. मग क्षेत्रफळ विरुद्ध फ्रिक्वेन्सी असा आलेख काढून रेघ शून्य हर्ट्झपर्यंत मागे ओढली. उभ्या अक्षाला ती जिथे छेदते, तो आकडा निव्वळ हिस्टेरेसिसचा.