चौथं पान वाचून द्या

आज संध्याकाळी एका छोट्या साप्ताहिकाच्या कचेरीत बसलो होतो. कचेरी म्हणजे दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि परत आलेल्या अंकांचे गठ्ठे. संपादक, वार्ताहर, जाहिराती आणणारा, प्रूफं तपासणारा, सगळं एकच माणूस. निधनवार्तेतलं आडनाव बरोबर आहे ना, हे विचारायला त्यांनी त्या घरी दोनदा फोन केला. "माणूस एकदाच जातो हो, तेव्हा तरी नाव नीट छापायला नको?" एवढं बोलून मान पुन्हा खाली.

छोट्या जाहिराती इंटरनेटने केव्हाच पळवल्या. कागद आणि छपाई मात्र स्वस्त व्हायचं नाव घेत नाही. अमेरिकेत तर 2005 पासून एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं गेली. (मीही बातम्या फुकटच वाचतो, तेव्हा कोणत्या तोंडाने बोलू? निघताना वर्षाची वर्गणी भरली.)

पण त्याच देशात, आयोवा राज्यातल्या 'स्टॉर्म लेक टाइम्स' या छोट्या वर्तमानपत्राला 2017 साली संपादकीय लेखनासाठी पुलित्झर, म्हणजे तिथलं पत्रकारितेतलं सर्वात मानाचं पारितोषिक, मिळालं. खप जेमतेम 3,000! नदीप्रदूषणाच्या खटल्यात काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) वकिलांचा खर्च गुपचूप कोण भरतंय, हा प्रश्न त्यांनी लावून धरला होता.

मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. म्हणाले, "छान. आता चौथं पान वाचून द्या."

वाचलं. एक चूक सापडली, जरा भाव खाल्ला. त्यांनी नुसती नजर फिरवली आणि आणखी दोन काढल्या.