डबा नको, प्रश्न लपवा

मला विचाराल तर ग्वाल्हेरला जिओकॅशिंग (म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा, त्याला कॅश म्हणतात, जीपीएसवरून शोधायचा खेळ) करायचं असेल तर डबा लपवायच्या भानगडीत पडूच नये. किल्ल्यावर दगडाच्या फटीत प्लास्टिकचा डबा दिसला की चौकीदार आधी पोलिसांना फोन करणार, आणि त्याचं बरोबरच आहे, बेवारस वस्तू म्हटल्यावर तो तरी दुसरं काय करणार. शिवाय किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, तिथे खणणं, दगड हलवणं असलं काही चालतच नाही आणि चालूही नये.

आणि डब्याशिवायचे प्रकार या खेळात आहेतच की. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने बादली ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, तिथून सगळं सुरू झालं. व्हर्च्युअल कॅश त्यानंतर लवकरच आल्या. म्हणजे दिलेल्या जागी जायचं, तिथे जे आहे ते नीट बघायचं आणि ज्याने कॅश टाकली त्याला उत्तर पाठवायचं. पण लोक काहीही टाकायला लागले म्हणून 2005 मध्ये नवीन व्हर्च्युअल बंद केल्या, पुढे 2017 मध्ये जगभरातल्या फक्त 4000 जणांना एकेक करायला दिली. सगळ्यांना खुला राहिलेला प्रकार म्हणजे अर्थकॅश, 2004 पासूनचा, त्यात प्रश्न भूगर्भशास्त्राचाच असावा लागतो.

खरी मेहनत प्रश्नात आहे. चतुर्भुज मंदिराचंच घ्या, किल्ल्याच्या चढावर एकाच खडकात कोरलेलं छोटंसं देऊळ. आतल्या भिंतीवर इसवी सन 876 चा शिलालेख आहे, त्यात 187 हात बाय 270 हातांची बाग देवाला दिल्याचं आणि रोज 50 हार द्यायचं लिहिलंय, आणि त्या 270 आणि 50 मधलं शून्य बघायला लोक कुठून कुठून येतात. आता मी प्रश्न ठेवला की बाग किती हातांची, तर पुण्यात पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा अर्ध्या मिनिटात उत्तर देईल! भाचीला घेऊन गेलो होतो, मी बोट दाखवायच्या आधीच तिने आकडा शोधला आणि म्हणाली, मामा, हे शून्य बाकीच्यांपेक्षा एवढं लहान का? असा प्रश्न तिथे उभं राहिल्याशिवाय सुचत नाही, आणि कॅशचा प्रश्न असाच पाहिजे, ज्याचं उत्तर डोळ्यांनीच मिळतं, सर्चने नाही.

अर्थकॅशसाठी माझ्या डोक्यात सध्या किल्ल्याची उरवाई घाटी आहे. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यात पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या वेळी कोरलेल्या जैन मूर्ती, सगळ्यात मोठी 17 मीटरच्या आसपास. कड्याला लागून उभं राहिलं की मोबाईलवरचा ठिपका भरकटायला लागतो कारण अर्धं आकाशच झाकलेलं असतं, डबा शोधायचा असता तर वैताग आला असता, पण इथे हरकत नाही, एवढा मोठा कडा चुकणार कसा. प्रश्न मूर्तींवर ठेवता येणार नाही, दगडावरच ठेवायला हवा. तो वालुकाश्म आहे, कधीकाळी पाण्याखाली थरावर थर बसलेली वाळू. म्हणून विचारायचं की थर आडवे आहेत की तिरके, सगळ्यांची जाडी सारखी आहे का, कण बोटाला कसा लागतो (हा हात मूर्तीला नाही, वाटेतल्या सुट्या दगडाला लावायचा, हे मी ठळक लिहिणार आहे), आणि एवढी मोठी मूर्ती कोरायला हा दगड का चालला असेल.

मला हे मनापासून करायचंय, कारण आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलीच कितीतरी मुलं बाड्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, रोज जातात पण उरवाईला उतरून कधी थांबलेली नसतात, गाडीतूनच हात जोडतात आणि वर निघून जातात.

अर्थकॅशला जागेची देखरेख करणाऱ्यांची परवानगी लागते, तो अर्ज लिहून तयार आहे. प्रश्न मात्र एकदा भूगर्भशास्त्र शिकलेल्या कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवेत. ओळखीत कुणी असेल तर सांगा, मी स्वतः घाटीत घेऊन जाईन, फक्त सकाळी लवकर निघू, नंतर कडा तापतो.