‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणजे नक्की काय?

अधिवेशन सुरू झालं की दोन प्रश्न हमखास येतात. मंत्र्यांना सभागृहात एवढे आकडे तोंडपाठ कसे असतात? आणि एवढं सगळं बोलून झाल्यावरही उत्तर मिळालंच नाही असं का वाटतं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा तपशिलात.

तोंडपाठ काही नसतं. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ताऱ्याची खूण असलेल्या, सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचं उत्तर आधीच छापून तयार असतं आणि बहुतेक वेळा ते वाचलंही जात नाही. लोकसभेत अध्यक्ष नाव पुकारतात, खासदार उठून फक्त प्रश्नाचा क्रमांक म्हणतात, मंत्री ‘विवरण सभापटलावर ठेवलं आहे’ एवढंच सांगतात. टीव्हीवर रंगतो तो त्यापुढचा भाग, म्हणजे पूरक प्रश्न. आपल्या विधानसभेत ज्यांना उपप्रश्न म्हणतात ते. मूळ प्रश्नकर्त्याला दोन मिळतात, इतरांना अध्यक्षांनी संधी दिली तर एकेक. मंत्र्याचा कस लागतो तो इथे, कारण पूरक प्रश्न कोणता येईल हे कोणालाच माहीत नसतं. तो मूळ उत्तरातून निघालेला असावा, एवढंच बंधन.

प्रश्न तिथवर पोचतो कसा, ते पाहिलं की पुढचं सोपं जातं. खासदाराला किमान पंधरा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, टोमणा, आरोप चालत नाही. मत विचारता येत नाही. ‘असं झालं तर काय कराल’ छापाचा काल्पनिक प्रश्न चालत नाही. विषय मुळात केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा, म्हणून तुमच्या पोलीस ठाण्याबद्दल दिल्लीत विचारून उपयोग नाही, त्यासाठी आमदार गाठायचा. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, त्यामुळे एक वार हुकला की थेट पुढचा आठवडा. आलेल्या सूचनांची सोडत निघते. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितची पांढऱ्या. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विसातले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते चारपाच, फार तर सहासात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत सगळेच्या सगळे २० प्रश्न पुकारून झाले, तर तेवढ्याचीही बातमी झाली, कारण असं १९७२ नंतर पहिल्यांदाच घडलं होतं. त्यामुळे सोडतीत प्रश्न लागला, पण अकरावा लागला, तर खासदाराने फार आशा ठेवू नये.

आता मंत्रालयातली बाजू. प्रश्न स्वीकारल्याचं कळवल्यापासून किमान पाच दिवस गेल्याशिवाय तो यादीत येत नाही. या काळात आधी वाद होतो तो ‘हा प्रश्न आपला नाहीच’ यावरून. रस्त्यावरच्या टोलबद्दलचा प्रश्न वाहतूक मंत्रालयाचा की अर्थ मंत्रालयाचा, यात एकदोन दिवस सहज जातात. मग उत्तराचा मसुदा संबंधित कक्षातून निघून सहसचिव, सचिव असा मंत्र्यापर्यंत चढतो, इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत. उत्तर दीड पानाचं असलं तरी मंत्र्याच्या हातातली फाईल जाडजूड असते. तिला ‘नोट फॉर सप्लिमेंटरीज’ म्हणतात, आणि प्रश्नोत्तराच्या तासाची खरी कारागिरी तीच. राज्यवार तक्ते, चालू खटले, आधीच्या अधिवेशनांत याच विषयावर दिलेली उत्तरं, आणि प्रश्न विचारणाऱ्या खासदाराच्या मतदारसंघाचं वेगळं पान. कारण धोरणाबद्दल प्रश्न टाकणारा खासदार उभा राहिला की पहिला पूरक प्रश्न बहुधा स्वतःच्या गावच्या उड्डाणपुलावर विचारतो. प्रत्येक पानाला चिठ्ठी लावून ठेवतात, म्हणजे उभ्या उभ्या पान सापडतं. तरी अडलंच, तर सभागृहातल्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसलेले लोक चिठ्ठी पाठवतात. मंत्री शब्द लांबवत बोलायला लागले की चिठ्ठी वाटेत आहे असं खुशाल समजावं.

चुका कुठे होतात? बहुतेक वेळा आकड्यांच्या तारखेत. एका उत्तरात ३१ मार्चपर्यंतचा आकडा, महिन्याभराने दुसऱ्या सभागृहात ३० जूनपर्यंतचा, आणि दोन्हींत तारीख लिहायची राहिली की वर्तमानपत्रात ‘सरकारचे परस्परविरोधी दावे’. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘गेली तीन वर्षं’. आर्थिक वर्ष की कॅलेंडर वर्ष, हे राज्यांनी आपापल्या समजुतीने धरलेलं असतं आणि परिशिष्टातली बेरीज जुळत नाही. मंजूर निधी, वितरित निधी आणि खर्च झालेला निधी हे तीन वेगळे रकाने. ‘दिला’ या एका क्रियापदात तिन्ही झाकता येतात. ही तिसरी मात्र नेहमीच चूक असते असं नाही.

आणि आता शीर्षकातलं वाक्य. महाराष्ट्र विधिमंडळाची प्रश्नोत्तरं वाचणाऱ्यांना हा साचा पाठ असेल: ‘हे खरे आहे काय? असल्यास, काय कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्यावर उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. प्रश्नाचे भाग एकमेकांना साखळीने बांधलेले असतात, म्हणून पहिली कडी तोडली की बाकीच्या आपोआप गळतात. खोटं बोलावंच लागत नाही.

दिल्लीतला याचा सगळ्यांत ठळक नमुना १४ सप्टेंबर २०२० चा. टाळेबंदीत घरी चालत निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत दगावले आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली का, असं लोकसभेत विचारलं होतं. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर: अशी आकडेवारी ठेवली जात नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. वाक्यरचनेच्या दृष्टीने बिनचूक. त्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, फक्त अतारांकित उत्तरं चालू होती. म्हणजे ‘आकडेवारी ठेवायची कोणी होती?’ हा साधा उपप्रश्न उभं राहून विचारायची सोयच नव्हती. तारा असण्या-नसण्याने काय फरक पडतो, तो हा.

पुढच्या वर्षी, २० जुलै २०२१ ला राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दलचं लेखी उत्तर आलं. आरोग्य राज्यमंत्री होत्या दिंडोरीच्या खासदार भारती पवार. बातम्यांनी मथळा दिला, ‘ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही’. उत्तरातला आशय वेगळा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय, आणि राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी असे मृत्यू विशेषत्वाने कळवलेले नाहीत. ‘झाले नाहीत’ आणि ‘कळवले नाहीत’ यांत जे अंतर आहे, तेवढ्यात अख्खं मंत्रालय उभं राहू शकतं. उत्तर वाचताना क्रियापदावर बोट ठेवायची सवय लावून घ्या.

पण मोघमपणामागे दर वेळी लबाडी असते, असंही नाही. एक कारण चक्क उत्तरदायित्वाचं आहे. ‘विचाराधीन आहे’, ‘मी चौकशी करीन’, ‘माहिती गोळा करत आहोत’ असं काही मंत्री बोलले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. लोकसभेची पंधरा सदस्यांची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि तीन महिन्यांत पूर्तता व्हावी अशी अपेक्षा असते. नाही झाली तर मुदतवाढ मागा, कारणं द्या, सचिवांना समितीपुढे पाठवा. म्हणून मुरलेला मंत्री ‘बघतो’ हा शब्दही टाळतो. ‘माननीय सदस्यांची सूचना चांगली आहे’ म्हणतो आणि बसतो. नवखा मंत्री भरात ‘करून टाकू’ म्हणतो, आणि त्या संध्याकाळी अधिकाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात.

उत्तर चुकीचं निघालं तर? मंत्री स्वतःहून दुरुस्तीचं निवेदन करू शकतात. खासदाराला चूक दाखवायची असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली लेखी कळवता येतं. हक्कभंगाची धमकी सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि सगळ्यांत कमी टिकते, कारण सभागृहाची दिशाभूल जाणूनबुजून केली हे दाखवावं लागतं. त्यापेक्षा त्या उत्तरावर सभागृहात अर्ध्या तासाची चर्चा मागणं कितीतरी उपयोगी, पण ती मागणारे थोडे.

चिकाटीने विचारलं तर काय होतं, याला मुंदडा प्रकरण साक्षी आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले, त्यावर १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न आले. उत्तरं तोकडी पडली, पुन्हा प्रश्न आले, आणि डिसेंबरात फिरोज गांधींनी कागदपत्रांनिशी सरकारला घेरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. गंमत अशी की १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या खासदाराने मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचं प्रकरण तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते.

तुम्हाला स्वतःला एखादा विषय लावून धरायचा असेल, तर खासदाराला अधिवेशनाच्या किमान तीन आठवडे आधी गाठा आणि निवेदनाऐवजी प्रश्नच लिहून द्या. ‘सरकार काय करत आहे’ असं विचारलंत तर योजनांची जाहिरात मिळेल. योजनेचं नाव, जिल्हा, वर्ष लिहा. मंजूर, वितरित आणि खर्च अशा तीन रकमा वेगळ्या मागा. ‘आकडेवारी ठेवली जात नसल्यास ती ठेवण्याची जबाबदारी कोणाची’ हा भाग आधीच जोडा, आणि भाग एकमेकांवर अवलंबून ठेवू नका, म्हणजे एका ‘नाही’त सगळे गळणार नाहीत. उत्तर संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि तारीख टाकून शोधता येतं. पहिलं पान झटकन वाचून सरळ परिशिष्टावर जा. तुमचा जिल्हा असलाच तर तिथे असतो.