मच्छेच्या माळावरची एस्टीम

मामांनी त्यांच्या मारुती एस्टीमची किल्ली माझ्या हातावर ठेवली तेव्हा एकही प्रश्न विचारला नाही. "मारा की एक फेरी. तिसऱ्या वळणाला दुसऱ्यातच धरा, गिअर बदलू नका," एवढंच म्हणाले. त्याच्या अर्धा तास आधी ते माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले होते. बॉनेटवरच्या विंचवाच्या चिन्हावरची धूळ त्यांनी खिशातल्या रुमालानं पुसली होती आणि म्हणाले होते, "कशी जाते हो ही? बघायला पायजे एकदा." आणि मी इंजिन तापलंय असं सांगून विषय बदलला होता. बेळगावला जाऊन आल्याला महिना झाला, पण हा अर्धा तास काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

पुण्याहून शुक्रवारी निघालो, कोल्हापुरात मुक्काम केला. शनिवारी गोकाकचा धबधबा बघितला, पाणी कमी होतं. जायचं होतं ते रविवारच्या ऑटोक्रॉससाठी, म्हणजे माळावरच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे सख्खे मामा बेळगावात अनगोळला राहतात आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शर्यतीत गाडी पळवतात, हे मला कळलं होतं. मी स्वतः एकोणपन्नासचा. त्यांना बघायचं होतं, आणि आपणही उतरायचं होतं.

निघताना घरी काळजी होती ती वेगळीच. २०२२ च्या डिसेंबरात सीमावादात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, ते बायकोच्या मनातून गेलेलं नाही. कोगनोळीचा टोल ओलांडून निपाणी मागे टाकली, तवंदी घाट उतरलो, तरी माझंही लक्ष आरशातच होतं. संकेश्वरला चहाला थांबलो तर टपरीवरचा पोरगा एमएच १२ कडे न बघता थेट विंचवाकडे बघत होता. "दादा, ही फियाटच ना? आता येत नाहीत ह्या."

येत नाहीत हे खरं आहे. माझी अबार्थ पुंटो, म्हणजे फियाटचीच जास्त ताकदीची पुंटो, २०१५ च्या ऑक्टोबरात आली, किंमत ९ लाख ९५ हजार, ताकद १४५ अश्वशक्ती. त्या पैशात एवढा जोर देणारी दुसरी छोटी गाडी तेव्हा नव्हती. बनायची आपल्या रांजणगावला. २०१९ मध्ये इथं फियाटच्या गाड्या बनणंच थांबलं. मी जुनी घेतली ती २०२१ मध्ये. २००२ साली सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा मला पालिओ १.६ हवी होती, शंभर अश्वशक्तीची. शोरूमच्या काचेला नाक लावून उभा राहायचो. मग घराचं कर्ज, मुलांच्या शाळा, बाबांचं ऑपरेशन. गाडी आली पंचेचाळिसाव्या वर्षी आणि त्याच वर्षी कमरेचा पट्टाही आला. त्यात आता गिअरची दांडी सैल झाली होती. एका सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, अख्खी केबल बदलावी लागेल, सुटं काही मिळत नाही आणि केबल कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून ही गाडी मी कुणाच्या हातात देत नाही. हे कारण खरं आहे. पण मामांना मी हे कारणसुद्धा सांगितलं नाही, तापल्याचं खोटं सांगितलं.

ऑटोक्रॉस न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एका वेळी एकच गाडी सुटते. शर्यत घड्याळाशी. मोकळ्या जागेवर रस्त्यावर असतात तसले शंकू (कोन) लावून वळणं आखलेली असतात, आधी सगळे स्पर्धक ती पायी फिरून पाठ करतात. कोन पडला की वेळेत सेकंद वाढतात, रस्ता चुकला की फेरी बाद. गाड्यांचे गट इंजिनाच्या सीसीवर. मच्छेच्या पुढे खानापूर रोडच्या कडेला तांबड्या मातीचा माळ होता, पहाटे टँकरनं पाणी मारून धूळ बसवली होती. नऊ वाजेपर्यंत ती पुन्हा उठली. ध्वनिक्षेपकावरचा माणूस एका वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी बोलत होता आणि सगळ्यांना सगळं समजत होतं. रांगेत केए २२, एमएच ०९ आणि गोव्याच्या गाड्या.

मामांची एस्टीम २००४ ची, पांढरी, एका दरवाजाचा रंग थोडा पिवळट. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ अश्वशक्ती, आणि वजन नऊशे किलोच्या आत. हे शेवटचं महत्त्वाचं. भारतातल्या रॅलीवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं पळवली ती हलकी आणि स्वस्त म्हणून. मारुतीनं २००७ मध्ये ती बंद केली, पण इंजिन मारुतीच्याच जिप्सी जीपच्या घराण्यातलं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. लष्करानं लिलावात काढलेल्या जिप्स्यांचे सुटे भाग इथल्या भंगारवाल्यांकडे शोधले की सापडतात, असं मामा म्हणाले. न सापडलं तर ते स्वतः बनवतात. उद्यमबागेत त्यांचं दोन लेथचं वर्कशॉप आहे. अर्धं आयुष्य फाउंड्रीत टर्नर होते.

हेल्मेट घालायची त्यांची पद्धत बघत राहिलो. चष्मा काढून पोराच्या हातात द्यायचा, हेल्मेट ओढून घ्यायचं, मग चष्म्याच्या काड्या कानशिलाजवळच्या फटीतून एकेक करून आत सरकवायच्या. काड्यांना मागे शिवणकामाचं इलॅस्टिक बांधलेलं. मग डावा पाय आत, बूड टेकवायचं, आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचा. "गुडघा सांगतोय, नको. खरं मी त्याचं ऐकत नाही," म्हणाले. आमच्याकडे 'पण' म्हणतात तिथे बेळगावकर 'खरं' म्हणतात, मला ते फार आवडतं.

त्यांच्या गटात अकरा गाड्या होत्या, मामा चौथे आले. पहिला आलेला पोरगा तेवीस वर्षांचा. मी माझ्या गटात दोन कोन पाडून मधेच कुठेतरी आलो.

त्या तेवीस वर्षांच्या पोराशी बोलताना मात्र मला राग आला, त्याच्यावर नव्हे. हेल्मेट उसनं, टायर अर्धे झिजलेले. पुढे काय, विचारलं तर म्हणाला, चेन्नईच्या ट्रॅकवर एकदा जायचंय. बेळगावहून चेन्नई आठशे किलोमीटरच्या पुढे. दुसरा ट्रॅक कोईमतूरला, तिसरा नोएडाच्या पुढे, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. जवळ म्हणायला कोल्हापूरचा गो-कार्टचा ट्रॅक. निपाणीचा त्याचा मित्र चांगल्या स्थितीतली जुनी गाडी महाराष्ट्रातून आणणार होता, पण दुसऱ्या राज्यातली गाडी वर्षापेक्षा जास्त कर्नाटकात ठेवली की इथला आजीवन कर भरावा लागतो, तिथेच त्याचा हिशेब मोडला. कोईमतूरचा ट्रॅक ज्यांच्या नावानं आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती बनवली होती, साध्या घरातल्या पोरांना परवडावी म्हणून. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. तशा माणसांची या खेळाला आजही गरज आहे, आणि सीमाभागात तर जास्तच. इथे कास्टिंग ओतणारे, मशीनिंग करणारे, इंजिन डोळे मिटून खोलणारे हात गल्लोगल्ली आहेत.

मामांनी एस्टीमची किल्ली दिली ती यानंतर. मी फेरी मारली. स्टिअरिंग जड, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि गाडी इतकी हलकी की वळणावर मागची चाकं माती सोडतात की काय असं वाटलं. तिसऱ्या वळणाला दुसऱ्यातच धरली. उतरलो तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त आनंद होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

रात्री अनगोळला जेवायला थांबवून घेतलं. मामींनी येळ्ळूरच्या शेतातल्या बासमतीचा भात, भाकरी, वांग्याची भाजी केली होती. "पुण्यात असा वास येतो काय तांदळाला?" नाही येत. जेवताना मी म्हणालो, मामा, आपलं दात आहेत तर चणे नाहीत असं झालं. ते घास गिळून म्हणाले, "मग भिजवून खावे की."

मग त्यांनी वही आणली. लाल कापडी बांधणीची, दुकानात रोजमेळाला वापरतात तसली. पहिल्या पानावर १९८७ ची आठवण लिहिलेली: कास्टिंग भरलेल्या ट्रकमधून मद्रासला गेले, तिथून शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती बघायला. पुढची नोंद थेट २०११ ची. 'एस्टीम. ₹८५,०००. घराचं कर्ज जुलैत फिटलं.' मधली चोवीस वर्षं वहीत नाहीत. मग वर्षाला एक पान. 'क्लच प्लेट बदलली. शर्यत नाही, धाकटीची डिप्लोमाची फी.' 'टायर दोन, शर्यतीपुरते. नंतर जुने परत बसवले.' २०१६ च्या पानावर एकच शब्द, 'गुडघा'. २०१९ ला पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण, ₹६००. २०२४ ला तेच पुन्हा, ₹५,०००, खाली लाल रेघ. २०२२ च्या एप्रिलपासून केंद्रानं हे शुल्क वाढवलं, त्याची झळ अशी कुणाच्या तरी वहीत दिसते. गाडीत पळायचा दम आहे की नाही हे तपासा, जरूर तपासा, पण जपलेल्या गाडीला नुसत्या वयाचा दंड का?

मी विचारलं, बेरीज कुठे आहे? "बेरीज करीत नाही," मामा म्हणाले. पुढच्या वर्षीचं पान मात्र आखून ठेवलं होतं.

झोप लागली नाही. मी एकोणीस वर्षं 'परवडत नाही' म्हणत होतो त्यातली निदान दहा वर्षं खोटी होती. परवडत होतं, एका जुन्या एस्टीमपुरतं. मला पालिओच हवी होती, मग अबार्थच हवी होती.

सकाळी चहा झाल्यावर किल्ली त्यांच्यापुढे धरली. म्हणालो, "मामा, काल इंजिन तापलं नव्हतं." ते म्हणाले, "ठाऊक हाय. हात लावून बघितला होता बॉनेटला."

राजहंसगडापर्यंत गेलो. माळावर गाडी आडवी फेकणारा हा माणूस माझी गाडी चाळिसानं चालवत होता. येळ्ळूर सोडल्यावर सरळ रस्त्याला मी म्हणालो, दाबा की. त्यांनी एकदाच दाबली, टर्बोची शीळ ऐकली आणि पाय काढला. मोठ्यानं हसले. गडाच्या पायथ्याशी गाडी थांबवून गिअरची दांडी दोन बोटांनी डावीउजवीकडे हलवत राहिले, डोळे मिटून. "केबल नव्हे हो. टोकाची बुश गेली."

उद्यमबागेत शटर वर करून त्यांनी झिजलेली प्लॅस्टिकची बुश, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी छोटी नळी, काढली, व्हर्नियरनं तीन ठिकाणी मापली, आकडे वहीत लिहिले. नायलॉनचा रॉड नव्हता, म्हणून तात्पुरती तार गुंडाळून दिली. खडेबाजारातून कुंदा घेतला आणि परत निघालो. परतीचा रस्ता नुसता ट्रक आणि खोदकाम.

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. कुंद्याचा रिकामा डबा, त्यात कापसात दोन पांढऱ्या बुश, एक बसवायला आणि एक राखीव. चिठ्ठीवर टर्नरचं ठसठशीत अक्षर: 'रॉड ₹६०. मजुरी नाही. दुसऱ्यातनं तिसरा टाकताना घाई करता, ती कमी करा.'