तुम्ही विचारलेत म्हणून : मराठवाड्यात पुन्हा ज्वालामुखी फुटेल का?

विहिरीची जागा दाखवणाऱ्या माणसाला गावात पाणी किती फुटांवर लागेल हे विचारले जाते, आणि ते साहजिकच आहे. पण मराठवाड्यात हे काम करताना मला दुसरा एक प्रश्न जवळजवळ तितक्याच वेळा विचारला गेला आहे : ‘साहेब, हा सगळा काळा दगड ज्वालामुखीचा म्हणता, मग तो पुन्हा फुटणार नाही कशावरून?’ २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा हा प्रश्न आला. त्याच वर्षी १० जुलैला तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला, तेव्हाही आला. आणि २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटून त्याच्या राखेचा ढग दुसऱ्या दिवशी भारताच्या आकाशात पोहोचला, विमानांची उड्डाणे रद्द झाली, तेव्हा तर विचारणाऱ्यांत शहरातली शिकलीसवरली मंडळीही होती. म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो. आपल्या पायाखालून लाव्हा वर येण्याची शक्यता धरण्याचे कारण नाही. ज्वालामुखीचा जो धोका आपल्याला आहे तो दूरच्या ज्वालामुखींचा आहे आणि तो पावसाच्या वाटेने येतो.

आधी जे घडले ते सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर ओकणारा डोंगर इथे शोधू नये. अजिंठ्याचा डोंगर किंवा बालाघाटची रांग पाहून ‘हाच का तो ज्वालामुखी?’ असे विचारणारे भेटतात. हे डोंगर म्हणजे एकावर एक थिजलेल्या प्रवाहांची चळत असून नद्यांनी आजूबाजूचा भाग कोरून नेल्यामुळे ते उंच राहिले आहेत. ज्या भेगांमधून लाव्हा वर आला, त्यांतच तो शेवटी गोठला आणि दगडाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. नंदुरबार-धुळ्याकडे अशा भिंती शेकड्याने दिसतात. मराठवाड्यात त्या तुरळक आहेत, त्यामुळे आपल्याकडचा बराचसा लाव्हा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहत आला असावा असे मानले जाते.

इतक्या दूर लाव्हा वाहतो कसा, हा प्रश्न पुढे येतोच. तापलेल्या दुधावर साय धरली की खालचे दूध बराच वेळ गरम राहते, तसे इथे झाले : प्रवाहाचा पृष्ठभाग लगेच थिजला, त्या कवचाने आतली उष्णता धरून ठेवली आणि आतून लाव्हा पुढे सरकत राहिला. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी जो काळा दगड सापडतो, त्याची रासायनिक घडण सह्याद्रीतील प्रवाहांशी जुळते. म्हणजे काही प्रवाह जवळजवळ हजार किलोमीटर वाहत गेले. आजही या दगडाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे आणि मुळात तो याहून खूपच मोठा होता. पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या कडेला, किनवट-देगलूरच्या बाजूला, काळा दगड संपून त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो.

हे सगळे पुस्तकात वाचण्यापेक्षा नव्याने खोदलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून पाहावे, असे मी नेहमी सांगतो. जालना जिल्ह्यातील एका शेतातली विहीर मला आजही नमुना म्हणून दाखवाविशी वाटते. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग जिलेटिनच्या सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. त्याच्याखाली एकदम भुरकट, भोकाभोकांचा, पहारीने सुटणारा मांजऱ्या खडक आणि त्याच्या भोकांमध्ये पांढरी, काचेसारखी चमकणारी स्फटिकांची दाणेदार भर. त्याच्याही खाली वीतभर जाडीचा विटेच्या रंगाचा गेरूचा पट्टा, आणि त्यानंतर पुन्हा काळा पाषाण. गेरू बोटांवर ओला करून चोळला की चिकट लागतो आणि हात दिवसभर लाल राहतो. खोदणाऱ्यांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग म्हणजे मांजऱ्या, कारण पाणी तिथे लागते. माझ्या मते खरी नोंद मात्र गेरूची आहे. एक प्रवाह थिजला, त्याच्या माथ्यावर ऊन-पावसाने दगडाची माती झाली, कधी वर राखही पडली, आणि मग पुढच्या प्रवाहाने तो थर झाकून भाजून काढला. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये हजारो वर्षांची शांतता होती. सगळा लाव्हा एका दमात आला नाही. मुख्य उद्रेकांचा काळ सात ते दहा लाख वर्षांचा होता आणि त्यातला पुष्कळसा काळ काहीच न घडता गेला. गेरूतल्या सूक्ष्म खनिजकणांचे वय मोजूनच संशोधकांनी हा हिशेब बसवला आहे. याच काळात मेक्सिकोत प्रचंड उल्का आदळली आणि डायनोसॉर नाहीसे झाले. त्यात दख्खनच्या लाव्हाचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे आणि तो लवकर मिटेल असे मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. ज्या उष्णतेमुळे हे घडले ती पृथ्वीच्या पोटात खोलवर होती आणि भारताचा भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. सरकताना मागे समुद्राखाली जी ज्वालामुखीय रांग राहिली, तिच्यावर आज लक्षद्वीप आणि मालदीवची बेटे आहेत. पुढे मॉरिशस झाले आणि सध्या ती उष्णता हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वरचेवर फुटत असतो. परभणीपासून ते बेट साडेचार हजार किलोमीटरांहून दूर आहे. आपला भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने अजूनही उत्तर-ईशान्येकडे जात असल्यामुळे हे अंतर वाढणारच. भारताच्या हद्दीत आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातील बॅरन बेटावरचा. दीड शतकाच्या आसपास शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा फुटला आणि तेव्हापासून अधूनमधून फुटत आहे. पण तिथे एक भूखंड दुसऱ्याखाली सरकत असल्याने लाव्हा तयार होतो, आणि तसे काही मराठवाड्याखाली घडत नाही.

या बाबतीत आपल्याकडे अगदी थेट पुरावाही आहे, आणि तो मोठ्या दुःखातून हाती आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या दिवसांत ज्वालामुखी फुटणार असल्याच्या वावड्या लातूर-उस्मानाबादच्या गावागावांत फिरत होत्या. पुढे संशोधनासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. काळा दगड ३३८ मीटरवर संपला, त्याखाली काही मीटर गाळाचा थर लागला आणि मग दोनशे कोटींहून अधिक वर्षांचा जुना, थंड, कठीण खडक. त्या परिसरात जमिनीतून वर येणारी उष्णता जगातील भूखंडांच्या सरासरीपेक्षा कमी भरली. खाली लाव्हाचा साठा असता तर असे आकडे आले नसते. तो भूकंप भूखंडाच्या ढकलाढकलीतून साचलेल्या ताणाचा होता, आणि माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून.

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारा गूढ आवाज हाही याच जातीचा आहे. धक्का लहान असला आणि त्याचे केंद्र फार खोल नसले, तर त्याच्या लहरी कठीण खडकातून वर येऊन हवेत आवाज उठवतात; घर हलण्याआधी किंवा न हलताच धाडकन आवाज येतो. आवाज ऐकून रात्री अंगणात झोपणाऱ्या लोकांना मी घाबरट म्हणणार नाही. किल्लारीच्या आठवणी असलेल्या प्रदेशात ते शहाणपणाचेच आहे. फक्त तिथे भीती धरायची ती भिंतीची, लाव्हाची नव्हे.

बाकीच्या खुणा झटपट सांगतो. डिसेंबरच्या पहाटे विहिरीतून वाफा निघतात, कारण खोलवरचे पाणी वर्षभर साधारण पंचवीस-सव्वीस अंशांवर असते आणि परभणीची हवा तेव्हा दहा अंशांच्या खाली गेलेली असते. किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे गरम पाणी भेगांमधून खोल उतरून, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापून परत वर येते. जमिनीत दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतेच, त्यासाठी लाव्हा लागत नाही. जालन्याच्या शेजारचे लोणार सरोवर पूर्वी अनेक अभ्यासकांनाही ज्वालामुखीचे मुख वाटले होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या दगडात प्रचंड आघातानेच बनणारी काच दाखवण्यात आली आणि ते उल्केचे विवर असल्याचे मान्य झाले.

मग धोका कोणता? मोठ्या उद्रेकात गंधकाचा वायू वातावरणाच्या वरच्या, पाऊस नसलेल्या थरात जातो, तिथे त्याचे बारीक थेंब होतात आणि ते एक-दोन वर्षे सूर्याची थोडी उष्णता परत फिरवतात. आपला मोसमी पाऊस जमीन समुद्रापेक्षा जास्त तापण्यावर अवलंबून आहे. जमीन कमी तापली की वाऱ्यांचा जोर उतरतो. फिलिपिन्समधील पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला, त्याने दीड ते दोन कोटी टन गंधक वायू वर सोडला, जगाचे सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरले आणि १९९२ मध्ये जगभरच्या जमिनीवर पडणारा पाऊस लक्षणीय घटला. त्याआधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. आइसलँडमधील लाकी येथे १७८३ मध्ये जमीन सत्तावीस किलोमीटर फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहिला. तो सुमारे पंधरा घन किलोमीटर भरला, म्हणजे दख्खनच्या एखाद्या प्रवाहापुढे किरकोळ, पण प्रकार तोच. आइसलँडची पाचवा हिस्सा लोकसंख्या त्या उपासमारीत गेली, आणि हवामानाच्या प्रारूपांनुसार त्या वर्षी आफ्रिकेतील व भारतातील मोसमी पाऊसही दुबळा झाला. उत्तर भारतातील चालिसा दुष्काळ त्याच सुमाराचा. तो केवळ लाकीमुळे पडला असे म्हणता येणार नाही, पण संबंध नाकारताही येत नाही.

मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, कापूस-सोयाबीन-तुरीचा बहुतेक पेरा पावसावरच आहे, आणि मांजऱ्या खडकात साठणारे पाणी एका उन्हाळ्यापुरतेही मुश्किलीने टिकते. इथे पाऊस थोडा जरी घटला तरी टँकर लागतात. त्यामुळे इंडोनेशियात १८१५ साली तांबोरा फुटला होता तसा उद्रेक पुन्हा झाला, तर त्याचा परिणाम आपल्याला पुढच्या एक-दोन खरिपांत जाणवू शकतो. अशा उद्रेकाची तारीख कोणी सांगू शकत नाही; मात्र फुटल्यानंतर गंधक वायू किती आणि किती उंचीवर गेला हे उपग्रहांवरून काही दिवसांतच कळते, आणि पुढच्या पेरणीला तोवर सहसा काही महिने हातात असतात.

हायली गुब्बीच्या बातमीनंतर ‘मग आता पाऊस कमी पडणार का?’ असेही मला विचारण्यात आले. त्याची राख सुमारे चौदा किलोमीटर उंचीपर्यंत गेली, विमानांच्या इंजिनांना तिचा धोका होता म्हणून उड्डाणे थांबवली गेली आणि ती योग्यच थांबवली. पण त्याने सोडलेला गंधक वायू पिनाटुबोच्या तुलनेत नगण्य होता. पाऊस कमी झाला तर त्याचे खापर त्या ज्वालामुखीवर फोडता येणार नाही.