दोर्दोन्यमध्ये सात दिवसांचं बिऱ्हाड

ठाण्याहून बॅगेत घालून नेलेला तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर मी शेगडीवर ठेवला, बटण दाबलं आणि शेगडी नुसती पीं पीं करत राहिली. इंडक्शन! मागे सासूबाई डाळ-तांदूळ धुऊन उभ्या. "विचारलं नव्हतंस का गं, गॅस आहे की नाही?" नव्हतं विचारलं. खोल्या किती, गाद्या किती, वायफाय आहे का, सगळं विचारलं होतं. शेगडीचं मात्र राहून गेलं. शेवटी कपाटाच्या तळाशी बिडाचं एक जड पातेलं सापडलं आणि आठवडाभर त्यातच वरणभात झाला. तूरडाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून मुगाच्या डाळीवर आलो.

आम्ही पाच जण: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. जूनचा शेवटचा आठवडा नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यात, सार्ला गावापासून बारा किलोमीटरवर, भाड्याच्या घरात काढला. अशा घराला तिथे 'झीत' म्हणतात. शेतकऱ्याने किंवा गावातल्या कुणी आपलं जुनं घर, कोठार नाहीतर गोठा नीट करून स्वयंपाकघरासह आठवड्याच्या बोलीवर द्यायचा, असा हा प्रकार. पहिलं झीत १९५१ मध्ये आल्प्सच्या बाजूला सुरू झालं आणि १९५५ मध्ये त्यांची देशपातळीवरची संघटना झाली. तिच्या घरांची प्रत ताऱ्यांत मोजत नाहीत, ओंब्यांत मोजतात. पाच ओंब्या म्हणजे सगळ्यात वरची. आमचं घर तीन ओंब्यांचं होतं, मूळचा दगडी गोठा. सासरे साताऱ्याकडचे. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी भावाला फोन लावला, "युरोपात आलोय, गोठ्यात उतरलोय."

आधी बुकिंगचं सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक झीत शनिवार ते शनिवारच मिळतात, मधले तीन दिवस द्या म्हटलं तर कुणी देत नाही. म्हणून आधी घर ठरवा आणि मग विमानाची तिकिटं काढा. आम्ही उलट केलं आणि पॅरिसमध्ये दोन रात्री जास्तीच्या भरल्या. जूनमध्ये भाडं बरंच कमी असतं आणि रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. आम्हाला आठवड्याचे ८१० युरो पडले. त्यावर साफसफाईचे ६०, चादरी-टॉवेलचे माणशी १० आणि मोठ्या माणसांमागे रोजचा थोडा पर्यटन कर. सगळं धरून दिवसाला १३५ युरोंच्या आसपास, पाच जणांत. चादरी भाड्यात धरलेल्या नसतात हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं आणि मग उघड्या गादीवर झोपायची पाळी येते.

व्हिसाच्या कागदांत हॉटेलच्या बुकिंगसारखंच या घराचं करारपत्र लावता येतं. फक्त त्यावर पाचही जणांची नावं, पूर्ण पत्ता आणि तारखा मालकाकडून लिहून घ्या. आमच्या पहिल्या कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव होतं, तो परत मागवावा लागला.

पॅरिसहून बोर्दोला टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दोन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. गाडी बोर्दोला भाड्याने घेतली. खेड्यात गाडीशिवाय राहणं शक्यच नाही, पावाचं दुकानसुद्धा चार किलोमीटरवर होतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, ती महागही पडते. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि आपला मूळ परवानाही जवळ ठेवा.

उजव्या बाजूने चालवायची सवय नवऱ्याला अर्ध्या दिवसात झाली. त्रास दिला तो दुसऱ्याच नियमाने. गावात जिथे पाटी नसते तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून येत का असेना. गावाच्या नावाची पाटी दिसली की वेग ५० वर आणायचा, वेगळी पाटी नसली तरी. तेच नाव तिरक्या लाल रेघेने खोडलेलं दिसलं की गाव संपलं. बाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा ८०, पाटीवर ९० असेल तर ९०. पंपावर 'गाझोल' लिहिलेलं दिसलं की आपल्याला ते गॅसोलीन म्हणजे पेट्रोल वाटतं. ते डिझेल आहे! नवऱ्याने नळी उचललीसुद्धा होती, मुलगी ओरडली म्हणून वाचलो. पेट्रोलच्या नळीवर 'एसपी९५' लिहिलेलं असतं.

शेवटचे दोन किलोमीटर मोबाइलच्या नकाशाने एका अक्रोडाच्या बागेत नेऊन सोडलं. मालकीणबाईंकडून वाट शब्दांत लिहून घ्या (चर्चनंतर डावीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, अशी), कारण त्या टापूत मोबाइलला रेंजच नव्हती आणि दगडी भिंतींच्या आत तर अजिबातच नाही.

किराणा वाटेतच भरा, घरी पोचून मग जाऊ म्हणू नका. रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारीही बरीच दुकानं बंद आणि एरवी रोज बारा ते दोन जेवणाची सुट्टी. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही, आम्हा ठाणेकरांची मात्र पंचाईत झाली.

आता खाण्याचं. भारतातून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवायचे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. तुपाची सोय तिथे होते. 'दू' लिहिलेलं बिनमिठाचं लोणी घ्या, 'दमी-सेल' म्हणजे खारं. सासूबाईंनी दोन पाव किलोच्या वड्या त्या बिडाच्या पातेल्यात कढवल्या. मंद आचेवर वीस मिनिटांत बेरी खाली बसली आणि घरभर असा वास सुटला की अंगण झाडणाऱ्या मालकीणबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं काही करपतंय. चमच्याने चाखवलं तेव्हा म्हणाल्या, लोणी असं जाळायचं कशाला! पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच एक बाटली भरून अक्रोडाचं तेल आणून दिलं. ते तापवायचं नाही, कच्चंच कोशिंबिरीवर घालायचं. काकडीच्या कोशिंबिरीला ते फार सुरेख लागतं.

शाकाहारी मंडळींनी बाहेर जेवताना सावध राहावं. हा बदकांचा आणि हंसांचा मुलूख. गुरुवारी सासूबाईंचा उपास, म्हणून सार्लात आम्ही फक्त बटाट्याची डिश मागवली, 'पॉम सार्लादेझ'. लसूण घातलेले खरपूस बटाटे, दिसायला अगदी आपल्या काचऱ्या. आणणाऱ्या मुलीला मी सहज विचारलं, कशात परतलेत? "ग्रेस द कानार." बदकाची चरबी. सासूबाईंनी ताटली शांतपणे सासऱ्यांपुढे सरकवली. तेव्हा 'साँ व्याँद, साँ ग्रेस द कानार', म्हणजे मांस नको, बदकाची चरबी नको, एवढं वाक्य घोकूनच जा. आणि कुठल्याही दुकानात पाय ठेवताक्षणी 'बाँझूर' म्हणा. त्याआधी काही विचारलंत तर समोरचा गप्पच होतो.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. मोठा शनिवारचा, पण तोच तुमचा घर घेण्याचा नाहीतर सोडण्याचा दिवस, म्हणून बुधवार गाठा आणि नऊच्या आत गाडी लावा. स्ट्रॉबेरी, शेळीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या आणि अक्रोड घ्या. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये आता मंडई आहे, तिला झाँ नुव्हेल या वास्तुकाराने केलेली अवाढव्य लोखंडी दारं आहेत.

बघण्यासारखं पुष्कळ आहे, आम्ही तीनच गोष्टी केल्या. एक म्हणजे ला रोक-गाजाक गावाच्या बाजूने दोर्दोन्य नदीत होडी वल्हवत बेनाकच्या किल्ल्याखालपर्यंत. दुसरी लास्को. ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९४० मध्ये चार पोरांना सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागल्यावर १९६३ मध्ये बंद झाली. आता माँतिन्याकला डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली तिची हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. आत गारठा असतो, स्वेटर न्या. सासरे आतमध्ये भारावले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अजिंठ्यात निदान खरी चित्रं बघायला मिळतात." म्हणून तिसरी गोष्ट, लेझेझी गावची फाँ-द-गोम ही गुहा. तिथे खरी रंगीत चित्रं अजून दाखवतात, पण रोज मोजक्याच लोकांना. तिकीट महिनाभर आधी बघा. मला विचाराल तर दोनांतलं एकच जमणार असेल तेव्हा फाँ-द-गोम.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी. दुपारी लाकडी झडपा लावून घ्या, बाहेर ३५ अंश असले तरी जाड भिंतींच्या आत गार राहतं. खिडक्यांना जाळ्या नसतात, संध्याकाळी दिवा लावण्याआधी तावदानं बंद करा नाहीतर डास. ओव्हन, किटली आणि कपड्यांचं मशीन एकदम चालवलं की वीज जाते. खेड्यातल्या घरांना वीजजोड बेताचाच असतो, तेव्हा बटणांची पेटी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तिथल्या घरांत धुराची घंटा २०१५ पासून सक्तीची आहे, फोडणी देताना मागचं दार उघडा. आणि सांडपाणी मैलाटाकीत जातं, कागदाशिवाय काहीही संडासात टाकायचं नाही. ही सूचना दारामागे चार भाषांत चिकटवलेली होती, यावरून काय ते समजा.

साफसफाईचे पैसे भरले म्हणजे आपण हात झटकायचे असं नाही. भांडी धुऊन जागेवर, कचरा वेगळा करून गावाच्या पेट्यांत, काचेच्या बाटल्या त्यांच्या पेटीत, केर काढलेला, हे सगळं आपणच. शनिवारी दहाच्या ठोक्याला मालकीणबाई यादी घेऊन आल्या आणि पेले मोजले. एक फुटला होता, तो आदल्या दिवशीच सांगून टाकला होता, त्यामुळे ३०० युरोंची अनामत पूर्ण परत मिळाली. त्यांनी ओंजळभर अक्रोड मुलीच्या खिशात भरले आणि निघताना एकच सांगितलं, सार्लातून जाऊ नका, आज बाजार आहे. आम्ही ऐकलं नाही. पाऊण तास अडकलो.