दहा मीटर, चाळिशीचे डोळे आणि साडेतीन हजारांची दुर्बीण

1 ऑगस्ट 2024 च्या दुपारी शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात मशिनं बंद होती आणि सहा जण एका मोबाईलवर वाकले होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायची स्पर्धा) ब्राँझ मारलं. त्या रात्री मी घरी गेलो आणि माळ्यावरची छर्‍याची बंदूक खाली काढली. पंधरा-सोळा वर्षं ती पोत्यात गुंडाळून पडली होती.

बंदूक ठीक निघाली, डोळे मात्र बाद. वय चौपन्न. मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा खुंटा) आणि दहा मीटरवरचं निशाण्याचं कार्ड, तिन्हींवर झटपट नजर बदलायला जे डोळे लागतात ते माझे चाळिशीतच गेले. माशी दिसली की कार्ड धुरकट, कार्ड दिसलं की माशी गायब.

माझी पुतणी कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर सराव करते. ती म्हणाली, "काका, स्कोप, म्हणजे दुर्बीण बसवा." आणि लगेच पुढे, "पण मग आमच्यात गणती नाही हां तुमची!" खरंच आहे. ऑलिंपिकच्या 10 आणि 50 मीटर रायफलला दुर्बीण चालतच नाही. तिथं पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायचं. त्यामुळे हे सगळं परसात, स्वतःच्या आनंदासाठी कार्ड फोडणार्‍या माझ्यासारख्यांसाठी आहे. (बंदूक .177 इंच नळीची आणि 20 ज्यूलच्या आतली असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. त्यापुढं गेलात की लागतं. घेताना बिलावर लिहून घ्या.)

पहिला स्कोप मी ऑनलाइन घेतला, साडेतीन हजारांना. 6-24×50, म्हणजे सहा ते चोवीस पट आणि पुढचं भिंग 50 मिमीचं, आत लाल-हिरवा दिवा, फोटोत एकदम मिलिटरी. चोवीस पट! मला वाटलं, मुंगीचे पाय मोजू.

कार्डाकडे बघितलं तर नुसता पांढरा ढग. सगळ्यात कमीवर, सहा पटीवर आणलं तेव्हा ढगात काळा डाग उमटला. मग कळलं की हा स्कोप 100 यार्डाला धरून फोकस केलेला आहे आणि जवळचं फोकस करायची सोयच त्यात नाही. मी मारतोय दहा मीटरवर. ढगाचं एक वेळ चालवून घेतलं असतं, पण खरी भानगड वेगळी होती. बंदूक तांदळाच्या पिशवीवर ठेवा, हात लावू नका आणि फक्त डोकं डावी-उजवीकडे हलवा. स्कोपमधली नेमाची फुली कार्डावर चालायला लागली! बंदूक जागची हललेली नाही आणि नेम मात्र फिरतोय. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. वहीत हिशेब मांडला: 50 मिमीचं भिंग, फोकस 91 मीटरवर (तेच 100 यार्ड) आणि कार्ड 10 वर, तर डोळा पार कडेला गेल्यावर चूक 22 मिमीपर्यंत जाऊ शकते. एअर रायफलच्या कार्डावर एक रिंग अडीच मिमीची. म्हणजे गाल जरा इकडचा तिकडं टेकला की आठ-नऊ रिंगा गेल्या, आणि आपण म्हणायचं की आज हात थरथरतोय.

तर दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो? भिंगाच्या पुढच्या कड्यावर किंवा डाव्या बाजूच्या नॉबवर 10 यार्डाचा आकडा असला पाहिजे. खोक्यावर ‘एओ’ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) लिहिलेलं असतं ते पुढच्या कड्याचं. किती पट मोठं दिसतं हे पाचवा प्रश्न म्हणून विचारलं तरी चालेल. शिवाय 50 चं भिंग 24 पटीवर नेलं की डोळ्याशी येणारा उजेडाचा ठिपका दोन मिमीचा उरतो. संध्याकाळी पाचनंतर अंधारच.

तो स्कोप चारशेएक छर्‍यांत मेला. एका रविवारी बघतो तर आतली फुली तिरकी. विकणारा म्हणाला, "तुम्ही आपटला असणार." मी आपटला नव्हता. आपटला होता बंदुकीनं.

हे समजून घेण्यासारखं आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढं सुटतो तेव्हा बंदूक आधी मागं येते, आणि पिस्टन पुढं जाऊन हवेच्या गादीवर थडकला की बंदूक पुढं हिसका खाते. एका छर्‍याला दोन धक्के, उलट्या दिशांचे. काडतुसाच्या रायफलचा स्कोप मागच्या धक्क्यासाठी तयार केलेला असतो, पुढच्या हिसक्याची तयारी बर्‍याच स्कोपांत नसतेच. म्हणून मोठ्या रायफलवर चालणारा स्कोप छर्‍याच्या बंदुकीवर मोडतो, ऐकायला उलटं वाटलं तरी. दुसरा प्रश्न म्हणून हाच: स्प्रिंगच्या एअरगनवर चालतो असं कंपनीनं लेखी दिलंय का?

याच हिसक्यानं माउंटही, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरणारी पकडही, मागं सरकते. आपल्याकडच्या बहुतेक एअरगनवर माउंटसाठी 11 मिमीची तिरक्या कडांची डोव्हटेल खाच असते, रुंद पिकाटिनी जातीचा माउंट तिच्यावर बसत नाही. दोन सुट्या रिंगांपेक्षा अखंड माउंट घ्या, खाली सरकणं अडवणारी स्टॉप पिन असलेला. माझ्या बंदुकीत पिनसाठी भोकच नव्हतं, म्हणून रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धडाच्या) मागच्या कडेला टेकणारा ठोकळा मी लेथवर करून घेतला. ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी माउंट घेताना बंदूक सोबत न्यावी, एवढंच. वरचे स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे. अ‍ॅलन की आहे म्हणून जीव खाऊन पिळलं तर स्कोपच्या नळीला चीर नाही, पण वळ नक्की पडतो.

दुसरा स्कोप आठ हजार दोनशेला पडला. 3-9×40, पुढं एओ कडं, साधी फुली, दिवा नाही. घेण्याआधी दुकानदाराला मी पाऊण तास छळलं. त्याच्याकडच्या एका स्कोपला तर फुली सरकवायच्या नॉबमध्ये झिजलेल्या लेथच्या क्रॉस स्लाइडसारखी ढिली चाल होती. वीस क्लिक वर, वीस खाली, आणि फुली जागेवर परत आलीच नाही. खराद्याला हे सांगायला लागत नाही, अशी चाल, म्हणजे बॅकलॅश, असली की नेहमी एकाच बाजूनं मापावर यायचं. माझ्याही स्कोपमध्ये थोडी चाल आहेच, या किमतीत असणारच. खाली यायचं असेल तर मी चार क्लिक जास्त खाली जातो आणि परत चार वर येतो. घरी चौकोन मारून बघितला: वीस वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे. शेवटचा छर्रा पहिल्याच्या भोकाला चिकटला. मग कुठं पोटभर जेवलो.

क्लिकांचा एक घोळ मात्र सांगतोच. नॉबवर पाव एमओए (कोन मोजायचं माप) लिहिलेलं असतं आणि लोक धरून चालतात की एक क्लिक म्हणजे पाव इंच. ते 100 यार्डाला. दहा मीटरवर एक क्लिक जेमतेम पाऊण मिमी. माझा छर्रा तीन सेंटिमीटर खाली लागत होता, म्हणजे चाळीसच्या वर क्लिक. मी आठ-दहा फिरवून ‘स्कोप ऐकत नाही’ म्हणून त्याला शिव्या देत होतो.

चष्मेवाल्यांसाठी: बायफोकलमधून बघू नका. लांबचा चष्मा घाला, स्कोप पांढर्‍या भिंतीकडे धरा आणि मागचं कडं फिरवून फुली काळी-कुळकुळीत करा. दोन सेकंद बघायचं, नजर काढायची, परत बघायचं. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपण फसतो. सूर्याकडे अजिबात नको.

नऊ पटीवर मी मारत नाही, सहावर ठेवतो. नऊवर स्वतःच्या छातीचे ठोके कार्डावर नाचताना दिसतात आणि बोट घाई करतं.

गेल्या रविवारी पुतणी आली होती. नाक मुरडत एकदा डोळा लावला, मग बराच वेळ काढेचना.

"काका, भोकं इथूनच मोजता येतात की! मग प्रत्येक छर्‍यानंतर उठून कार्डापर्यंत कशाला जाता?"

"गुडघ्याच्या डॉक्टरनं चालायला सांगितलंय," म्हटलं.